ब्रुसेल्सहून चाकणला आलेला आकडा

चाकण एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये वार्षिक मेडिकलच्या दिवशी कँटीनच्या एका कोपऱ्यात पडदे लागतात. एकेका लाइनवरची पोरं दहा-बाराच्या गटानं खाली येतात. सेफ्टी शूज काढून काट्यावर उभं राहायचं, भिंतीला टाच टेकवून उंची द्यायची, दंड पुढे करून रक्त द्यायचं, डोळे-कान तपासून घ्यायचे आणि सुपरवायझरची हाक यायच्या आत लाइनवर परतायचं. आठवड्याभरानं रिपोर्ट हातात पडतो. पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं: उंची १६८ सेंमी, वजन ६३ किलो, बीएमआय २२.३, शेरा नॉर्मल. साखरेचा आणि चरबीचा आकडा मागच्या पानावर असतो. पण पुढच्या पानानं ‘नॉर्मल’ म्हटल्यावर मागचं पान किती जण उलटतात?

हिशोब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनेच गुणायचं आणि वजनाला त्या उत्तरानं भागायचं. १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२, ६३ भागिले २.८२ म्हणजे २२.३. या भागाकारात पोट कुठे आहे? दंडातला स्नायू कुठे आहे? यकृतावर साचलेली चरबी कुठे आहे? काट्याला हाड, पाणी, मांस, चरबी सगळं सारखंच. तरीही पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत हजारो माणसं आपल्या अंगात चरबी किती, याचा कौल याच आकड्याकडून घेतात. हा आकडा कुणी काढला, कशासाठी काढला आणि तो आपल्यापर्यंत कुठल्या वाटेनं आला, हे शोधत गेलं की ती वाट ब्रुसेल्सच्या वेधशाळेतून निघते, विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांतून जाते आणि शेवटी पुण्याभोवतीच्या सहा खेड्यांत येऊन पोचते. या शेवटच्या टप्प्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मला मुख्यतः त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आडॉल्फ केटले हा डॉक्टर नव्हता. १७९६ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात जन्मलेला हा माणूस गणित शिकला, खगोलशास्त्राकडे वळला आणि ब्रुसेल्सची वेधशाळा त्यानं उभी केली. एकाच ताऱ्याचं स्थान दहा वेळा मोजलं तर दहा उत्तरं थोडी थोडी वेगळी येतात, पण ती एका मध्याभोवती गोळा होतात, हे त्या काळचे खगोलशास्त्रज्ञ जाणून होते. केटलेनं तोच नियम माणसांना लावला. स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापं त्याच्या हाती आली आणि तीही मध्याभोवती तशीच गोळा झालेली त्याला दिसली. आपल्याकडे पोलीस भरतीला उतरलेल्या पोरांची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून आणखी ५ सेंमी भरते की नाही, हे आजही टेप लावून बघतात. छातीच्या घेरावरून शिपाई पारखायची ती जुनी रीत अजून मोडलेली नाही.

१८३५ साली केटलेचा माणसावरचा मोठा ग्रंथ आला. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. जन्माच्या वेळी वजन किती, विसाव्या वर्षी किती, गुन्हे कोणत्या वयात जास्त, लग्नं कोणत्या वयात जास्त, असं सगळं तो मोजत होता. या मोजणीत त्याच्या लक्षात आलं, की पूर्ण वाढ झालेल्या माणसांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हे निरीक्षण वाटतं तितकं सरळ नाही. भोसरीच्या फाउंड्रीत पॅटर्न बनवणाऱ्याला विचारा. एखादा भाग लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी दहा टक्के मोठा केला, तर त्याचं वजन दहा टक्क्यांनी वाढत नाही. ते तेहतीस टक्क्यांनी वाढतं, कारण तिथे घन लागतो. माणसालाही घनच लागायला हवा होता. पण उंच माणूस हा बुटक्या माणसाचा सगळीकडून फुगवलेला नमुना नसतो, तो तुलनेनं सडपातळ असतो. म्हणून दहा टक्के उंच माणसांचा गट सरासरी एकवीस टक्केच जड भरतो. केटलेनं हे आकडे बघून ओळखलं. वाढत्या वयाच्या मुलांना हा नियम तसाच लागू पडत नाही, हेही त्यानं नोंदवलं.

लठ्ठपणा हा त्याचा विषयच नव्हता. चरबीचं मोजमाप त्याच्या मनातही नव्हतं. त्याला लोकसमूहाचं चित्र रेखाटायचं होतं आणि त्या कामाला हे सूत्र उत्तम होतं. एका माणसाला समोर उभं करून त्याची प्रकृती ठरवायला ते त्यानं कधी वापरलं नाही. पुढची शंभर वर्षं तर ते जवळपास बासनातच राहिलं.

दरम्यान वजनाची खरी धास्ती घेतली ती अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांनी. कोणता विमेदार लवकर मरतो, हा त्यांचा रोजच्या धंद्याचा प्रश्न. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीतल्या लुई डब्लिन यांनी विमेदारांच्या नोंदी चाळून १९४२-४३मध्ये उंचीनुसार ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले. १९५९मध्ये ते सुधारून पुन्हा आले. या तक्त्यांत बारीक, मध्यम आणि मोठ्या चणीची माणसं असे तीन भाग होते, पण चण ओळखायची कशी, याचा धड नियम नव्हता. मापं बुटांसकट, अंगावरच्या कपड्यांसकट घेतलेली. आणि विमा घेणारी ती माणसं म्हणजे बहुतेक खात्यापित्या घरचे गोरे अमेरिकी. तरीही हे तक्ते जगभर डॉक्टरांच्या भिंतींवर लागले.

वजनावरून चरबी ओळखता येत नाही, हे ठाऊक झालेलं होतं, तेही १९४२ सालीच. अमेरिकी नौदलातल्या आल्बर्ट बेन्की या डॉक्टरनं पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटू घेतले. लष्कराच्या वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यांतले सतरा जण जास्त वजनाचे म्हणून सेवेला नालायक ठरत होते. बेन्कीनं त्यांचं वजन पाण्याखाली केलं. चरबी पाण्यावर तरंगते, मांस आणि हाड बुडतं. त्यामुळे पाण्यात बुडवून शरीराची घनता काढली की चरबीचा वाटा कळतो. त्या जड खेळाडूंच्या अंगात चरबी थोडी आणि स्नायू भरपूर निघाले. पाच फूट नऊ इंचांचा, नव्वद किलोचा, तालमीत घाम गाळणारा भोसरीचा पैलवान आज कारखान्याच्या मेडिकलला उभा केला, तर त्याचा बीएमआय २९.३ येईल आणि कागद त्याला लठ्ठ म्हणेल. सूत्राची ही चूक सगळ्यांना माहीत आहे आणि बीएमआयच्या विरोधात बोलणारे नेहमी तीच सांगतात. पण पैलवान आपल्यात असे कितीसे? आपल्या भागात जीव घेते ती याच्या बरोबर उलटी चूक: अंगानं बारीक, काट्यावर हलका आणि आतून चरबीनं भरलेला माणूस.

केटलेचं सूत्र बासनातून बाहेर काढलं अॅन्सेल कीज यांनी. मिनेसोटा विद्यापीठातले हे शरीरशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्यांनी छत्तीस तरुणांना त्यांच्या संमतीनं महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा शरीरावर काय परिणाम होतो, ते अभ्यासलं होतं. विमा कंपन्यांच्या तक्त्यांवर त्यांचा राग होता, कारण त्यांना शास्त्राचा आधार नव्हता. १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतल्या ७,४०० हून अधिक पुरुषांची मापं घेऊन त्यांनी वजन आणि उंचीची वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली. कोणतं सूत्र त्वचेखालच्या चरबीच्या जाडीशी आणि शरीराच्या घनतेशी अधिक जुळतं, ते बघितलं. केटलेचा भागाकार बाकीच्यांपेक्षा वाईट ठरला नाही आणि करायलाही सोपा होता. कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. पूर्ण समाधान व्हावं असं हे माप नाही, एवढं त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं. अभ्यासात बाई एकही नव्हती. भारतातला माणूस एकही नव्हता.

१९७२. महाराष्ट्रात हे साल उच्चारलं की वेगळंच आठवतं. दुष्काळ. खडी फोडायची कामं, रेशनवरची मिलो नावाची लालसर ज्वारी, पोरांसाठी सुकडी. मराठवाडा आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं उठून पिंपरी-चिंचवडच्या नव्या कारखान्यांकडे आली ती याच काळात. दुष्काळात ज्या आयांच्या पोटी गर्भ वाढत होते, त्या दिवसभर खडीवर होत्या आणि रात्री मिलोची भाकरी खात होत्या. त्यांची मुलं आता पन्नाशी ओलांडून याच पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्तीकडे निघाली आहेत. कीज मोजत होते त्या शरीरांत आणि या शरीरांत किती अंतर होतं, ते कळायला आणखी तीस वर्षं जायची होती.

कीजनंतरचा प्रवास भराभर झाला. आकडा समूहासाठी सुचवलेला होता. डॉक्टरांनी तो व्यक्तीसाठी उचलला. अमेरिकेत १९८५मध्ये पुरुषांना २७.८ ही हद्द होती. १९९५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं २५ आणि ३० असे गोल आकडे मांडले, १९९८मध्ये अमेरिकेनंही २५ स्वीकारला आणि तिथले कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता एका दिवसात ‘जास्त वजनाचे’ झाले. २५ आणि ३० या हद्दी प्रामुख्यानं युरोपी वंशाच्या लोकांच्या मृत्यूच्या नोंदींवरून आखलेल्या. मग त्याच कागदावर छापून जगभर गेल्या.

आपल्या भागात कारखान्यातली तपासणी आली ती वेगळ्याच काळजीतून. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागे सुट्या भागांची शेकडो युनिटं. १९४८च्या फॅक्टरी अॅक्टनुसार डॉक्टर बघायचा तो मुख्यतः कारखान्यानं माणसाला काय केलं ते: धूळ फुप्फुसात गेली का, शिसं रक्तात उतरलं का, कान बहिरे झाले का. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७च्या दुरुस्तीनं धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांची दरवर्षी तपासणी बंधनकारक झाली. हा कायदा माणसाच्या हातातल्या ताटाबद्दलही बोलत होता: अडीचशेहून अधिक कामगार असतील तर कँटीन हवंच. पण ते ताट खाऊन आणि शिफ्टची झोप मोडून कामगाराचं काय होतं, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीत नव्हता. तो पुढे हेल्थ चेकअपच्या पॅकेजांबरोबर आला. संगणकात उंची-वजन टाकलं की बीएमआयचा रकाना आपोआप भरतो. त्याला खर्च नाही, वेळ नाही, कुणाला शर्ट वर करायला सांगावं लागत नाही. म्हणूनच तो टिकला.

आता त्या सहा गावांकडे.

पुण्यात रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी या रुग्णालयाचं काम शहराबाहेर नेलं आणि शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं केंद्र उभं केलं. भीमा-भामा-इंद्रायणीच्या संगमाजवळचा हा भाग. आज चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरची रांग संपत नाही. त्या वेळी इथे ज्वारी, कांदा आणि पावसाची वाट होती. याच केईएमच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक काम करत होते. त्यांच्याकडे मधुमेहाचे जे रुग्ण येत होते, ते पाश्चात्त्य पुस्तकांतल्या रुग्णांसारखे दिसत नव्हते. पुस्तकातला रुग्ण पन्नाशी-साठीचा, स्थूल. इथला रुग्ण दहा-पंधरा वर्षांनी तरुण आणि कितीतरी बारीक. पण पोटाचा घेर मात्र सुटलेला.

या कोड्याचं मूळ कुठे असेल? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी मांडलं होतं, की प्रौढपणीच्या हृदयरोगाची आणि मधुमेहाची बीजं आईच्या पोटातल्या वाढीत असतात. याज्ञिक यांनी साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रिया, दिवस जायच्या आधीपासून नोंदवलेल्या. त्यांचं खाणं, त्यांचं काम, मग बाळंतपण, मग बाळ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव यांनी या आयांच्या ताटाचा आणि कष्टांचा अभ्यास केला. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं मोठी होती. ज्यांना विहिरीवरून पाणी आणावं लागत होतं, धुण्याचे पिळे आपटावे लागत होते, त्यांची बाळं लहान होती. हे वाचताना मला थांबावंसं वाटतं, कारण शरीराच्या या सगळ्या गणिताची सुरुवात इथे आहे, बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात.

बाळ जन्मलं की त्याची मापं तपशिलात घेतली जात. वजन, लांबी, डोकं, पोटाचा घेर, दंडाचा घेर. आणि एक कॅलिपर. भोसरी-चाकणची पोरं रोज व्हर्नियर कॅलिपर हातात धरतात, त्यामुळे त्यांना हे सांगावं लागणार नाही, की दोन जबड्यांत वस्तू धरून मिलिमीटरचा अंश कसा वाचायचा. इथे जबड्यात धरायची होती नवजात बाळाच्या खांद्याच्या पात्याखालची कातडीची घडी. घडी जितकी जाड, तितकी कातडीखालची चरबी जास्त. पुण्याजवळच्या ६३१ आणि साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांची मापं शेजारी ठेवली, तेव्हा आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं भरलं, इंग्लंडचं ३.५ किलोचं. आपल्या आया सरासरी २१ वर्षांच्या, ४४.६ किलोच्या, बीएमआय १८.२. म्हणजे बाळ सगळीकडून सारखंच लहान असायला हवं होतं. तसं नव्हतं. पोटाचा घेर सगळ्यात कमी पडला होता, म्हणजे यकृत आणि आतले अवयव लहान राहिले होते. दंड बारीक होता, म्हणजे स्नायू कमी. डोकं आणि लांबी त्या मानानं सावरलेली. आणि पाठीवरच्या चरबीची ती घडी सगळ्यात जास्त राखलेली. २००३मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि शास्त्राच्या भाषेत ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ आलं: दिसायला बारीक, आतून चरबीचं. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांचं एमआरआय करून पाहिलं, तर आपल्या बाळांच्या पोटातली चरबीही जास्त निघाली.

पोटात अन्न कमी पडलं की गर्भ काटकसर करतो. मेंदू वाचवतो, स्नायू आणि आतड्या-यकृताच्या वाट्याचं कमी करतो, चरबी मात्र धरून ठेवतो. जन्मल्यावर हे शरीर तुटवड्याच्या संसाराला तयार असतं. संसार तसाच राहिला असता, तर कदाचित निभावलंही असतं. पण जमीन गेली, पैसे आले, शेतावर चालत जाणं संपलं, नाइट शिफ्ट आली, गेटबाहेर वडापाव आणि दर दोन तासांनी साखरेचा चहा आला.

‘थिन-फॅट’ बाळाच्या लेखाच्या पुढच्याच वर्षी, २००४मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका पानाचा मजकूर आला. त्यात दोन डॉक्टरांचे फोटो होते. एक डॉ. याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यडकिन. (साखरेविरुद्ध रान उठवणारे, अॅन्सेल कीज यांचे प्रतिस्पर्धी जॉन यडकिन ते वेगळे.) दोघांचा बीएमआय २२.३. दोघांनाही कारखान्याच्या कागदावर ‘नॉर्मल’ हाच शेरा मिळाला असता. मग दोघांची डेक्सा तपासणी केली. क्ष-किरणांच्या दोन वेगवेगळ्या झोतांनी हाड, चरबी आणि मांस वेगळं ओळखणारं हे यंत्र. यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या पहिल्या अक्षरावरून हे ‘वाय-वाय कोडं’ म्हणून जगभर ओळखलं जातं. आपल्याच शरीराचा दाखला जाहीरपणे मांडून एखाद्या संशोधकानं असा मुद्दा सिद्ध करावा, हे मला फार मोठं वाटतं. लंबेचौडे तक्ते जे सांगू शकले नाहीत, ते त्या दोन फोटोंनी सांगितलं.

गावातली ती बाळं मोठी झाली. अठराव्या वर्षी त्यांतल्या ६१९ जणांची पुन्हा तपासणी झाली. त्यांच्यातल्या ४८ टक्क्यांचा बीएमआय १८.५च्या खाली होता, म्हणजे निम्मी मुलं कागदावर कमी वजनाची. आणि मुलांपैकी ३७ टक्के, मुलींपैकी १८ टक्के यांची साखर बिघडलेली होती, बहुतेक सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अठराव्या वर्षी. गावात राहणारी, किडकिडीत पोरं. आयटीआय करून, ट्रेनी म्हणून चाकणच्या गेटवर उभी राहणारी पोरं याच वयाची आणि याच मातीतली असतात. त्यांच्या मेडिकलच्या कागदावर ‘वजन वाढवा’ असा सल्ला लिहिला गेला, तर तो कुणी आणि कसा पाळायचा? वाढेल ते स्नायू असेल की पोट, हे कागद सांगत नाही.

असं का होतं, त्याचं उत्तर आता बऱ्यापैकी हाती आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू ओढून घेतात. स्नायू कमी तर साखरेला जायला जागा कमी. चरबी ठेवायची सुरक्षित जागा म्हणजे कातडीखाली, मांड्या-नितंबांवर. ती जागा भरली की चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती साचते आणि तिथे ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. चरबी किती आहे याइतकंच ती कुठे आहे, हे महत्त्वाचं. मार्सेचे फ्रेंच डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७मध्येच लिहिलं होतं, की मधुमेह आणि हृदयविकार ओढवतात ते धडावर, पोटावर चढलेल्या चरबीमुळे. मांड्यांवरच्या चरबीनं तितकं बिघडत नाही. बीएमआय जन्मापासूनच या जागेबद्दल मुका आहे.

आकडे हळूहळू सरकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या पातळ्यांवर सावध व्हावं असं सुचवलं. भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंमी, बाईचा ८० सेंमीच्या आत हवा. २०२१मध्ये इंग्लंडमधल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून दिसलं, की गोऱ्या माणसाला बीएमआय ३० झाल्यावर मधुमेहाचा जो धोका असतो, तो दक्षिण आशियाई माणसाला २३.९वरच गाठतो. १६८ सेंमीच्या माणसाच्या बाबतीत हा फरक सतरा किलोंचा आहे. ज्या कागदांवर अजून २५ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलं जातं, ते वेळेवर घंटा वाजवायची संधी दवडतात. आणि हद्द २३ वर आणली तरी २२.३चा माणूस तिच्या आतच राहतो.

बीएमआय फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. एकाच माणसाचा आकडा पाच वर्षांत २१ वरून २४ वर गेला, तर त्यातून बरंच कळतं. नाइट शिफ्ट लागल्यापासून तो कसा चढला, हे सलग नोंदींत दिसतं. कुपोषित बाई शोधायला, एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करायला केटलेचं हत्यार अजून चांगलं चालतं. ते समूहासाठीच बनलं होतं. चूक होते ती एका माणसाला एका दिवशी एक शेरा देऊन घरी पाठवण्यात. ‘मी तर बारीक आहे, मला कसली शुगर?’ असं म्हणणारा माणूस या भागातल्या प्रत्येक डॉक्टरनं पाहिलेला असतो, आणि त्याच्या मागे बऱ्याचदा असा एखादा शेरा असतो.

जानेवारी २०२५मध्ये ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगानं सांगितलं, की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नये, कमरेचं माप किंवा चरबीचं थेट मोजमाप जोडीला घ्यावं आणि अवयवांचं काम बिघडलंय का ते बघावं. जगाला हे २०२५मध्ये सांगावं लागलं. पण आपल्या गावात हे काम आधीच सुरू आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती घ्यायला आशाताई घरोघर जातात, तेव्हा त्यांच्याकडच्या सरकारी फॉर्मवर बीएमआय विचारलेला नसतो. कमरेचं माप विचारलेलं असतं. बाईचा घेर ८० सेंमीच्या आत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० एक, त्यापुढे दोन; पुरुषाला ९० आणि १०० या हद्दी. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह, यांचे गुण त्यात मिळवायचे आणि एकूण चारच्या वर गेलं की तपासणीला आधी पाठवायचं. म्हणजे चाकणच्या वस्तीवर राहणाऱ्या कामगाराचं त्याच्या घरी जे माप घेतलं जातं, ते पाच किलोमीटरवरच्या त्याच्या कारखान्यात बहुधा घेतलं जात नाही.

ते घ्यायला काही अवघड नाही. शर्ट वर करायचा, पट्टा सैल करायचा. बाजूला बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड. या दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण करायची. टेप जमिनीला समांतर, ताणायची नाही, कातडीत रुतू द्यायची नाही. माणसाला श्वास सोडायला सांगायचा आणि पोट आत न ओढता आकडा वाचायचा. दीड मिनिट लागतं. बायकांसाठी आडोसा आणि माप घ्यायला बाई हवी. आज असेंब्ली लाइनवर मुलींची संख्या बघता ती सोय तशीही करायलाच हवी. आणि या आकड्यामुळे कुणाचं काम जाणार नाही, अशी लेखी हमी हवी, कारण कंत्राटी पोराच्या मनात मेडिकलचा प्रत्येक रकाना म्हणजे गेट पास बंद होण्याची धास्ती असते. ही हमी असेल तर तो पोट आत ओढणार नाही. उंची-वजनाच्या शेजारी घेराचा एक रकाना, रिपोर्टच्या पहिल्याच पानावर, साखरेच्या आकड्यासोबत. पुढच्या मेडिकलचा फॉर्म छापायला टाकण्याआधी सेफ्टी कमिटीच्या बैठकीत कामगार प्रतिनिधीनं एवढी मागणी विषयपत्रिकेवर ठेवली, तर कंपनीचा खर्च दोन टेपांचा आहे.